लासुर्ण्याच्या विहिरीचं पाणी

बारामतीत 'प्रश्न विचारणारा विद्यार्थी' या विषयावर प्राध्यापकांची कार्यशाळा होती. उद्‌घाटनाची भाषणं दोन तास चालली आणि प्रश्नांना वेळ उरला नाही. मग तिथल्या प्रयोगशाळेत कुणीतरी अमोनियाची बाटली उघडली. त्या नाकाला झोंबणाऱ्या वासानं मला इंदापूरच्या कॉलेजातली एक दुपार आठवली.

मी तिथे नुकताच शिकवायला लागलो होतो. पाण्यात क्षार किती, ते मोजायचं होतं. पाण्यात अमोनिया आणि रंग घातला की ते लाल होतं, मग ते निळं होईपर्यंत द्रावण थेंबथेंब सोडायचं; जितके क्षार जास्त, तितकं द्रावण जास्त. पाणी कॉलेजच्या नळाचं, उत्तर दरवर्षीचंच. लासुर्ण्याच्या सुरेखानं मात्र घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. लाल रंग निळा व्हायला तिला नळाच्या पाण्यापेक्षा दुप्पट द्रावण लागलं.

"सर, तीनदा केलं. तेवढंच येतंय. आमी हेच पितो. असं का हाय?"

"जर्नलमध्ये नळाचं रीडिंग लिही. परीक्षक तेच बघतात."

"मग विहिरीचं कुठं लिहू?"

"ग्रामपंचायतीत," मी म्हणालो. वर्ग हसला. विनोद जमला म्हणून मीही खूश झालो.

तिनं नवं पान उघडून शेजारणीचे आकडे उतरवले. त्यावर मी लाल पेनानं 'उत्तम' असा शेरा दिला. पुढच्या दोन वर्षांत तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. मुलगी सुधारली, असं मी स्टाफरूममध्ये सांगत असे.