कॅबिनेटचं झबलं

मनीषनगरात आमच्या समोर राहणाऱ्या काकूंना उघडी वस्तू बघवत नाही. मिक्सर, फ्रिज, टीव्हीचा रिमोट, सगळ्यांना त्यांनी कपडे शिवलेत. आमच्याकडे नवा कंप्युटर आला की त्या लगेच माप घ्यायला येतात. घरी टेप आहे, पण भरवसा हाताच्या वितीवरच.

आमच्या कंप्युटरचं पहिलं कॅबिनेट सायीच्या रंगाचं होतं. पिवळं पडू नये म्हणून काकूंनी त्याला कव्हर शिवलं, तरी ते पिवळं पडलंच. मग काळ्याची फॅशन आली. "काळ्यावर धूळ लय दिसते गा," म्हणत त्यांनी फुलाफुलांचं कव्हर आणलं. यंदा मी पांढरं घेतलं. एका बाजूनं काच, आत रंग बदलणारे दिवे.

"काहून गा, फिरून पांढरंच?" काकू हसल्या आणि विती मोजून गेल्या. हे झाकायचं नसतं, असं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आठवडाभरात त्या आल्या. "झबलं आणलं गा."

कव्हरच्या मागच्या बाजूला मच्छरदाणीची जाळी होती. "त्याले हवा पाहिजे न." काचेच्या बाजूला चौकोनी खिडकी कापली होती, आणि खिडकीला झालरीचा इवलासा पडदा.

"लाव बरं."

मी झबलं चढवलं आणि बटण दाबलं. काकूंनी पडदा सारला. निळा, जांभळा, हिरवा उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून फिरत राहिला.

"असा उजेड हालत राहिला तं घरात कोणी हाये असं वाटते," त्या म्हणाल्या, आणि समोर आपल्या घराचं कुलूप उघडायला गेल्या.