दिराच्या काठावरची पट्टी

परवा गेटला तांबडा ऑइलपेंट लावला आणि त्या वासाने भिवंडीबाहेरच्या आमच्या नदीकाठच्या वाडीतली जुनी गोष्ट आठवली. तेव्हा मी साठीची, म्हणजे अक्कल यायची होती. एक पोरगी काठच्या पाण्यात तांबड्या आकड्यांची पट्टी रोवत होती. आमच्याकडे तांबडी खूण दिसली की जमीन सरकारात गेलीच समजायची. “काकू, उपग्रह वरून पाण्याची उंची मोजतो,” ती म्हणाली. “मी इथे उंची आणि प्रवाह, दोन्ही मोजते. मेळ बसला की पुढे नुसत्या उंचीवरून कळेल, नदीत किती पाणी वाहतंय.” मी मनात म्हटलं, वरून पाणी दिसतं, मग माझी वाडी काय झाकलेली हाय? ती गेल्यावर मी पट्टी उपटली आणि शेजारी दिराच्या काठाला, पाण्यातच पण जरा उंचावर रोवली. जायची तर त्याची जावो! आठवड्याने पोरगी आली आणि दिरासमोरच म्हणाली, “उपग्रह म्हणतो पाणी तेवढंच आहे, पट्टी म्हणते नदी वीतभर उतरली. पट्टी कुणी हलवली?” “तुझा तो वरचाच खोटारडा,” मी म्हटलं. दिराने पट्टीकडे बोट दाखवलं. “वहिनी, पट्टी काय चालत आली माझ्याकडं?” जमीन कुणी मागितलीच नाही. पण अजूनही मी काकडीच्या वेलाला साधी काठी रोवली, तरी दीर हातातलं काम टाकून येतो आणि ती उपटून आधी आकडे शोधतो.