त्या मेलमधली एक ओळ

गेल्या महिन्यात मोशीच्या चौकात, भर ट्रॅफिकमध्ये आमची गाडी बंद पडली. गिअरबॉक्स गेला होता. तीन वर्षांची वॉरंटी संपून जेमतेम दोन महिने झालेले... सर्व्हिस सेंटरवाल्याने खर्चाचा आकडा सांगितला आणि मी तिथल्या खुर्चीत मटकन बसले.

मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, मी गप्प बसणाऱ्यातली नाही. कुरुळीतल्या आमच्या सोसायटीचे पाण्याचे, लाइटचे, कचऱ्याचे सगळे अर्ज मीच लिहिते. आणि लिहिते म्हणजे चांगले झणझणीत लिहिते!

समोरच्या फ्लॅटमधला संतोष त्याच गाडीच्या कंपनीत, चाकणला असेंब्ली लाइनवर आहे. बीडकडचा, सहा वर्षं टेम्पररी. यंदा परमनंटसाठी इंटरव्ह्यू झाला होता आणि त्याची बायको सुनीता लिस्टकडे डोळे लावून बसली होती. तो परमनंट झाला की गावी आजीजवळ ठेवलेल्या लेकीला इकडच्या शाळेत आणायचं, असं दोघांनी ठरवलं होतं.

खर्चाचं ठरेपर्यंत गाडी टो करून पार्किंगमध्ये आणून ठेवली होती. रविवारी तो आपणहून ती बघायला खाली आला. "ताई, हा गिअरबॉक्स लई गाड्यांचा वापस आलाय. आमच्या लाइनीवर बी चर्चा हाय. वॉरंटी संपली तरी कंपनी खर्चात मदत करती, पण आपण मागावं लागतं." शेजारी म्हणून सांगितलं बिचाऱ्याने...

मग काय, मी मेल लिहायला बसले. तिन्ही वर्षांची सर्व्हिसची बिलं जोडली, एकही सर्व्हिस आम्ही बाहेर केली नव्हती. गाडी किती चालली, कधी बंद पडली, सगळं मुद्देसूद. तरी माझं समाधान होईना. शेवटी एक ओळ ठोकून दिली... 'आमच्या शेजारी राहणारे, तुमच्याच असेंब्ली लाइनवरचे कर्मचारी सांगतात की हा दोष तुम्हाला आधीपासून माहीत आहे.'

नवरा म्हणाला, ही ओळ कशाला? मी म्हटलं, नाव कुठे लिहिलंय? तुम्ही गप्प बसा हो, असं लिहिल्याशिवाय कुणी दाद देत नाही.

दहा-बारा दिवसांनी फोन आला. पार्टचा सगळा खर्च कंपनीचा, आम्ही फक्त मजुरी द्यायची! फोनवरच्या बाई अगदी नीट बोलत होत्या. म्हणाल्या, मॅडम, तुमचा सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण आहे आणि वॉरंटी नुकतीच संपलीय, अशा वेळी आम्ही मदत करतोच.

मी पेढे आणले. पहिला पुडा समोर, संतोषकडे. त्याने पेढा घेतला, "लई भारी झालं, ताई," म्हणाला. सुनीता काही बाहेर आली नाही... मला वाटलं, कामात असेल.

चार दिवसांनी पार्किंगमध्ये तिला गाठलं तेव्हा कळलं. एचआरने संतोषला बोलावून माझ्या मेलची प्रिंट त्याच्यासमोर ठेवली होती. नाव नव्हतं, पण पत्ता तर माझाच होता ना... आणि आमच्या गेटवरून त्यांच्या कंपनीच्या बसमध्ये चढणारा एकटा संतोष. आतल्या गोष्टी बाहेर सांगतो म्हणून त्याचं नाव लिस्टमधून काढलं. मी पेढे घेऊन गेले, त्याच्या आदल्याच दिवशी.

अक्कल गहाण ठेवली होती का मी? त्या ओळीचा काडीचाही उपयोग झाला नव्हता, काम बिलांवर झालं होतं. नुसता तोरा मिरवायला मी ती लिहिली आणि त्याच्या पोटावर पाय दिला.

तशीच त्याच्याकडे गेले. म्हटलं, मी लिहून देते कंपनीला, तू काही बोललाच नव्हतास, मीच थाप मारली... त्याने हात जोडले. "नको, ताई. आता काहीच लिहू नका." रागावून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो घाबरून बोलत होता.

नावं बदलली आहेत, आणि हे टाकण्याआधी दोघांना वाचून दाखवलंय. तुमचीही गाडी अशी बंद पडली तर कंपनीकडे जरूर मागा, बिलं जपून ठेवा. पण कुणी आपलं समजून सांगितलेली गोष्ट कागदावर उतरवू नका हो... मी उतरवली, आणि तो सातव्या वर्षीही टेम्पररीच आहे. लेक गावीच आहे.

गाडी आता झकास चालतेय. सकाळी लिफ्टमध्ये भेटलो की संतोषच आधी विचारतो, "ताई, गाडी काही त्रास देत न्हाई ना?" मी नाही म्हणते... आणि तळमजला येईपर्यंत त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होत नाही.