मोटारीची पुढची चाकं आणि दिंद्रुडचं लग्न

आमच्या ह्यांना मोटारीचं वेड होतं, आणि मला ते वेड तेव्हा मुळीच गोड वाटत नव्हतं. निजामाचं राज्य होतं. बीडजवळच्या आमच्या गावात मोटार म्हणजे ह्यांचीच एक, तीही हैदराबादच्या कुणा अंमलदारानं वापरून वापरून टाकून दिलेली. तिची पुढची चाकं इतकी डुगडुगायची की हे वळवायचे एकीकडं आणि ती जायची दुसरीकडं. एकदा तर तिनं आम्हा दोघांना सरळ बाभळीत नेऊन बसवलं. माझं लुगडं फाटलं, आणि हे उतरून आधी मोटारीला कुठं लागलं ते बघू लागले. दोन दिवस मी बोलले नव्हते.

त्याच वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, माहेरी दिंद्रुडला. सासूबाईंनी सांगितलं, "अक्षता टाकायच्या अन् दुसऱ्या सांजंला घरी. या घरची सून एका रातीच्या वर माहेरी ऱ्हात न्हाई." बैलगाडीनं नुसतं जायलाच दोन दिवस. म्हणजे जायचं तर मोटारीनं, नाहीतर नाहीच. ती बहीण माझ्या कडेवर वाढलेली. मी चुलीपुढं बसून रडले, तेव्हा हे म्हणाले, "रडतीस कावून? म्या चाकं नीट करतो."

हैदराबादेहून पत्राचं उत्तर आलं, की या मोटारीचे सुटे भाग आता येत नाहीत. मग ह्यांनी गावच्या लोहारमामांना बोलावलं. दोघांनी मोटारीचं तोंड उचलून खाली दगड रचले आणि चाकं काढली. चाक ज्या खिळीवर डावं-उजवं वळतं ती खीळ पार झिजली होती, आणि तिच्याभोवतीचं बुश, म्हणजे पितळी नळी, नावालाच उरलं होतं. वर धक्के झेलणाऱ्या पोलादी पाट्यांतला एक मोडलेला. पाटा बीडला मोडीत पडलेल्या एका लॉरीचा मिळाला. खिळी आणि बुशं सरकी काढणाऱ्या जिनातल्या खरादीवर कातून आणली. माझ्याकडं काम होतं भाग घासलेटात धुवायचं, आणि त्यासाठी मी घरातली परात घेतली. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. "आता भाकरीला घासलेटाचा वास येऊ द्या," एवढंच म्हणाल्या.

लोहारमामांनी बुश आतून घासलं, खीळ अलगद सरकली, चाकं चढली. मी एक चाक दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवलं. खट्ट! जातं जुनं झालं की त्याची मधली खीळ अशीच खुटखुटते आणि पीठ जाडं पडतं.

"मामा, हे सैल हाय," मी म्हणाले.

"सूनबाई, चाकाला खेळ ठिवावाच लागतो. न्हाईतर बैलं वढतील कशी?"

"पर बैलं हायेत कुठं?"

मोटारीखाली पडलेले हे इतके हसले की त्यांचं डोकं आपटलं. मामांनी उभा जन्म बैलगाड्यांची चाकं बसवलेली, त्यांचं तरी काय चुकलं? ते रागावलेही नाहीत. पागोटं सारखं करत म्हणाले, "बरं, तुमी सांगा किती ठिवायचं."

लग्न तीन दिवसांवर आलं होतं. जास्त घासलेली बुशं वाया गेली; पुन्हा जिनात खेप, पुन्हा नवी बुशं. या वेळी मामा जरासं घासायचे, मी खीळ घालून फिरवून बघायची आणि म्हणायची, "अजून थोडं." पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. गावातल्या बायका पाण्याच्या निमित्तानं चार-चार चकरा मारत होत्या. ओसरीकडं बघायचं मला धाडस होत नव्हतं. शेवटी खीळ अंगठ्यानं दाबली की जाईल इतपत बसली. चाकं चढली, मी हलवून बघितली, आणि काहीच वाजलं नाही. मामांनी स्वतःही हलवून बघितलं. मला इतका आनंद झाला की ह्यांच्या आधी मीच हसले.

निघायच्या सकाळी मी सासूबाईंच्या पाया पडले. त्या माझ्या हातांकडं बघत राहिल्या. नखांतलं काळं काही निघालं नव्हतं.

"चार दिवस ऱ्हा," त्या म्हणाल्या. "बहिनीला सासरी लावून ये."

चार दिवस द्यायचेच होते, तर एवढा खटाटोप कशाला? तोंडाची फटकळ मी, बोलून गेले, "मंग बैलगाडीनंच गेले असते की!"

त्या चिडल्या नाहीत. "माझ्या बहिनीच्या लग्नाला मला कुणी धाडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "अन् म्या काय केलं? गप बसून भाकऱ्या थापल्या. जा आता."

मोटार निघाली. सरळ चालली होती, जराही डुगडुगत नव्हती. मी वाटभर रडत होते, आणि मला भीती वाटतेय असं समजून हे बिचारे बैलांपेक्षाही हळू चालवत होते.