ताई परीक्षेला साहेब होऊन गेल्या

शेअर दलालीच्या त्या कचेरीत ताईंना विचारल्याशिवाय पान हलत नसे. बाजार गडगडला, ग्राहक किंचाळू लागले की सगळे फोन ताईंकडे. "अहो काका, आधी पाणी प्या बघू," एवढं त्यांनी म्हटलं की पलीकडच्या वाघाची मांजर व्हायची. एकोणीस वर्षं हेच चाललेलं. तरी सुपरवायझरच्या परवान्याच्या परीक्षेत त्या दोनदा आपटल्या. तिसऱ्यांदा आपटल्या, तर सुपरवायझरची खुर्ची कचेरीतल्या नव्या टायवाल्या पोराला मिळणार होती. त्याला फोन धरायलासुद्धा ताईंनीच शिकवलेलं!

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई चष्मा चढवून पुस्तक घेऊन बसल्या.

"हाताखालच्या माणसानं ग्राहकाला खात्रीचा नफा कबूल केला. आधी काय कराल?"

"त्याचे कान उपटेन. मग काकांना फोन करून समजावेन."

"चूक. लेखी नोंद करून वर कळवाल."

"अहो आई, तोवर काकांना झटका येईल!"

"येऊ दे. पुस्तकात काका नाहीत." सासूबाईंनी पुस्तक मिटलं. "तुला काम येतं ना, म्हणून तू नापास होतेस. तुमच्या कचेरीत सगळ्यात भित्रा कोण?"

"आमचे साहेब. शिंक आली तरी दोन प्रतींत लेखी मागतात."

"मग उद्या तू साहेब."

ताईंनी लगेच मान आखडली, नाकातून सूर काढला, "हं… म्हणजे असं बघा… आधी लेखी द्या." सासूबाईंना हसता हसता ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरसमोर प्रत्येक प्रश्नाला ताईंचं नाकातनं सुरू, "हं… असं बघा…" शेवटी देखरेखीवरच्या बाई आल्या. "मॅडम, बाकीच्यांना त्रास होतोय."

"हं… सॉरी," ताई साहेबांच्याच आवाजात म्हणाल्या.

एका प्रश्नात मात्र एक म्हातारा ग्राहक रडत होता. ताईंचा हात आपोआप 'त्याच्याशी बोलेन'कडे निघाला. त्यांनी तो मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं 'लेखी तक्रार नोंदवेन'वर क्लिक केलं. काका, माफ करा!

निकाल तिथल्या तिथे. बाहेर येऊन त्यांनी घरी फोन लावला.

"आई, एकाहत्तर!"

"पास व्हायला सत्तर लागतात ना? मग हा एक जास्तीचा कशाला आणलास?"

"मिरवायला!" ताई आपल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि भर रस्त्यात खो खो हसत सुटल्या.