मागच्या गाडीचा नियम

मास्तरांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. ज्यांना गाडी चालवता येत नाही ती, आणि आपल्याला ती येते असा ज्यांचा गैरसमज आहे ती. तिसऱ्या प्रकारात ते स्वतः एकटे होते आणि तिथे गर्दी व्हावी अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती.

त्यांची ड्रायव्हिंग स्कूल एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होती. खालून इस्त्रीची वाफ वर यायची. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात मधोमध कापून ठेवलेला गिअरबॉक्स आणि भिंतीला लागून काही खुर्च्या. त्या खुर्च्यांवर बसून अर्ध्या गावाने मास्तरांची बोलणी खाल्ली होती. एकदा तर एक न्यायाधीश शिकायला आले होते. त्यांना मास्तर म्हणाले, "साहेब, निकाल नंतर द्या, आधी क्लच दाबा." हा किस्सा ते वर्षानुवर्षं सांगत आले होते, आणि दर वेळी त्यातले न्यायाधीश आणखी थोडे घाबरलेले असायचे.

शिकवायचे चांगले, हे नाकारून चालणार नाही. पण नाकाने कांदे सोलायची सवय इतकी की बसमध्ये बसले तरी ड्रायव्हरचं काय चुकतंय ते शेजारच्या अनोळखी माणसाला समजावून सांगायचे. तो माणूस बिचारा पुढच्याच थांब्यावर उतरून जायचा.

त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. लग्नानंतर मास्तरांनी तिला एकदा, फक्त एकदा, गाडी शिकवायला नेलं होतं. सिग्नलला गाडी बंद पडली. मास्तर असे ओरडले की चौकातला पोलीस धावत आला आणि त्याने बाईंनाच विचारलं, "ताई, या माणसाचा त्रास होतोय का?" ताई दार उघडून उतरल्या आणि चालत घरी आल्या. पुढे मुलीचं लग्न झालं, घर रिकामं झालं, तेव्हा एक दिवस त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच कुणाच्या स्कूलमध्ये नाव घातलं. मास्तरांना हे कळलं ते थेट त्या प्रतिस्पर्ध्याकडून. कुणाच्या तरी लग्नाच्या जेवणात सगळ्यांदेखत त्याने मास्तरांच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "वहिनींचा हात छान आहे हो!" मास्तर अर्ध्या जेवणातून उठले.

"लायसन्स मिळालं म्हणजे गाडी येते असं नाही," घरी आल्यावर ते म्हणाले.

"नसेल," बाई म्हणाल्या आणि परदेशी गेलेल्या भावाने मागे ठेवलेल्या छोट्या पांढऱ्या जीपची किल्ली खुंटीला लावली. त्या गाडीतून त्या भाजी आणत, दवाखान्यात जात, मैत्रिणींना सोडत. मास्तर त्या गाडीत कधी बसले नाहीत.

आता या घरात डोंगर शिरला तो जावयाच्या पायाने. जावई बाथरूमच्या टाइल्स विकायचा, आणि दिवसभर गुळगुळीत वस्तू हाताळून त्याला बहुधा खडबडीत आयुष्याची ओढ लागली होती. त्याने मोठ्या चाकांची गाडी घेतली आणि फोनवर 'चिखलवीर' नावाचा ग्रुप काढला. त्यात एक ठेकेदार आला. त्याच्या गाडीला नदीतून जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून छतापर्यंत नळी लावलेली होती. पण पाऊस पडला की सीट खराब होईल म्हणून हा गृहस्थ गाडी बाहेरच काढत नसे. एक दातांचा डॉक्टरही आला. त्याच्याकडे गाडीच नव्हती, कपाळाला बांधायच्या बॅटऱ्या मात्र ढीगभर होत्या. यांनी ठरवलं की चार दिवस डोंगरात कच्च्या वाटेने जायचं, खिंड ओलांडायची आणि तंबूत राहायचं.

बैठका मास्तरांच्या स्कूलमध्ये व्हायच्या, कारण तिथे खुर्च्या फुकट होत्या. आणि काय त्या बैठका! टी-शर्टचा रंग कोणता, यावर दोन रविवार गेले. गाडीच्या काचेवर लावायच्या स्टिकरमध्ये डोंगराला शिखर एक असावं की तीन, यावर ठेकेदार रुसून बसला. घडीचा ओव्हन कोणता घ्यायचा, हे ठरलं. त्यात काय भाजायचं, ते ठरलं. वाट कोणती, पाणी कुठे, गाडी रुतली तर ओढायची कशाने, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. तुरी अजून बाजारातच होत्या आणि इकडे फोडणी तडतडत होती.

मास्तर सुरुवातीला केवळ करमणूक म्हणून कोपऱ्यात बसायचे. पण मूर्खपणा नुसता बघत बसणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. एका रविवारी ते उठले, फळ्यावरचं स्टिकरचं चित्र पुसलं आणि म्हणाले, "झाला तुमचा पोरखेळ? आता ऐका."

आणि खरंच, त्यांनी सांगितलं ते मोलाचं होतं. "डोंगरात पुढे बघून कुणीही चालवतं. अक्कल लागते ती मागे बघायला. प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीला आरशात धरून ठेवायचं. फाटा आला की थांबायचं. मागचा दिसला, त्याने आपला इशारा पाहिला, की मगच वळायचं. आणि पुढचा दिसेनासा झाला तर जिथे असाल तिथेच थांबायचं, हलायचं नाही. पुढचा परत येईल. डोंगरात रेंज नसते, फोनवर विसंबायचं नाही."

दातांच्या डॉक्टरने टाळ्या वाजवल्या आणि मास्तरांनीही गाडी घेऊन सोबत यायचं असं ठरलं. जावयाने हे सगळं लिहून घेतलं. ठेकेदाराने विचारलं, "मग मी पुढे ना?"

त्याच वेळी मास्तरीणबाई चहाचा ट्रे घेऊन वर आल्या होत्या. ट्रे त्यांनी गिअरबॉक्सवर ठेवला आणि सांगितलं, "मीही येणार आहे. माझी गाडी घेऊन."

"तू माझ्या शेजारी बस की," मास्तर म्हणाले.

"तुमच्या शेजारी बसून मी पुष्कळ जग पाहिलं. त्यात रस्ता कमी आणि तुमचा हात जास्त दिसला. मला हा डोंगर स्वतः चढायचाय."

जावयाशेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "येऊ दे ना आईला, बाबा." मास्तरांना सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. मग त्यांनी एक युक्ती काढली, आणि ती आपल्याला सुचली याचा त्यांना फार अभिमान वाटला. "सराव करू. खाणीच्या मैदानापर्यंत, फोन बंद ठेवून, डोंगरात जाणार तसंच. सरावात जो चुकेल तो घरी राहील. नियम सगळ्यांना सारखा."

नियम कुणासाठी होता हे तिथल्या कापलेल्या गिअरबॉक्सलाही कळलं असतं. बाई फक्त म्हणाल्या, "चालेल." पण जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. त्यांना ही सहल मनापासून हवी होती, आणि नवऱ्याने एक चूक शोधायची ठरवली की तो ती शोधतोच, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

सरावाच्या सकाळी ठेकेदार सगळ्यांत पुढे होता, त्याच्यामागे जावई आणि मुलगी, मग मास्तर, आणि शेवटी, तंबूंचं सगळं सामान घेऊन, मास्तरीणबाई. तिच्यावर नजर ठेवायला मीच हवा, असं मास्तरांनीच सांगितलं होतं. दातांचा डॉक्टर मास्तरांच्या शेजारी बसला, आणि बसल्याचा त्याला लवकरच पश्चात्ताप झाला.

मास्तरांचं तोंड सुटलं. "बघा, बघा ठेकेदार कसा वळला! एवढ्या जागेत तर जहाज वळतं." मग जावयाचा नंबर. "याला ब्रेक म्हणजे दाराची बेल वाटते. सारखं दाबतोय." लाकडाच्या वखारीपुढे रस्त्याला फाटा फुटतो. तिथे जावई थांबला होता. मास्तर दिसल्यावर त्याने हात बाहेर काढून उजवीकडे दाखवलं आणि मगच तो वळला. "हात बघा कसा हलवतोय, माश्या हाकल्यासारखा," मास्तर म्हणाले आणि त्याच्यामागे वळले. न थांबता.

थोड्या वेळाने त्यांना आरशाची आठवण झाली. मागे पांढरी जीप होती. त्यांचा जीव एकदम सुखावला, कारण जीप वाईट चालत होती.

"आता ही बघा आमची! किती जवळ आली? मी अचानक थांबलो तर आत येऊन बसेल. आता मागे पडली. आता परत जवळ. गिअर उशिरा टाकतेय, आवाज ऐका. दुसऱ्याकडे शिकलं की हे असं होतं. अहो, मला इथे बसून आरशात तिच्या बोटाबोटाची चूक दिसते."

"दिसते खरी," डॉक्टर म्हणाला. जबड्याच्या कामात मुरलेला असल्याने दुसऱ्याचं तोंड उघडं असताना आपण गप्प बसायचं हे त्याला ठाऊक होतं.

खाणीच्या मैदानावर सगळ्या गाड्या ओळीने थांबल्या. मास्तर उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि निकाल सुनावायला घसा खाकरला. पांढरी जीप आली. थांबली नाही. त्यांच्यासमोरून धुरळा उडवत पुढे निघून गेली. आत टक्कल पडलेला एक गृहस्थ होता, आणि मागच्या खिडकीतून एका कुत्र्याने जीभ बाहेर काढली होती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"आई कुठे आहे?" मुलीने विचारलं.

मास्तर गाडीत बसले आणि त्यांनी गाडी वळवली. डॉक्टर बिचारा धावत येऊन शेजारी बसला. परतीच्या वाटेवर मास्तर बोलत राहिले, पण आवाजात आता जोर नव्हता. "डावीकडे गेली असणार. नाहीतर घरी. फोन चालू केला असेल. घाबरली असेल." खरं तर घाबरले होते ते. डावीकडचा रस्ता खडी वाहणाऱ्या ट्रकांचा होता. मनातल्या मनात ते म्हणत होते, ती चुकलेली असू दे, वाट्टेल तेवढी चुकलेली असू दे, फक्त दिसू दे.

ती वखारीपुढच्या फाट्यावरच होती. गाडी रस्त्याच्या कडेला व्यवस्थित उभी, दिवे लुकलुकत ठेवलेले. सहलीसाठी घेतलेली घडीची खुर्ची सावलीत मांडून बाई संत्रं सोलत बसल्या होत्या. सालींची छोटी रास झाली होती.

मास्तर उतरले. त्यांना आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं की ज्यांना राग येतो त्यांतले ते होते. "इथे काय करतेस?"

"थांबलेय. पुढचा दिसेनासा झाला तर हलायचं नाही, पुढचा परत येईल. तुम्हीच सांगितलंत." त्यांनी एक फोड डॉक्टरांपुढे धरली. "उशीर केलात हो."

"मागे गाडी होती," मास्तर म्हणाले. "पांढरी. मला वाटलं तूच."

"कोण होतं?"

"होता कुणीतरी. टकलू."

"कशी चालवत होता?"

डॉक्टरने, देव त्याचं भलं करो, खरं ते सांगून टाकलं. "वाईट चालवत होता, वहिनी."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "वाईट चालवत होता, म्हणून ती मी वाटले तुम्हाला?"

एक खडीचा ट्रक गेला, दुसरा गेला. बाईंचे डोळे भरून आले होते, आणि ते मास्तरांना दिसू नयेत म्हणून त्या खुर्चीची घडी घालायला वाकल्या. खुर्ची नवी होती, घडी लवकर होईना. मास्तर पुढे झाले. "राहू दे," त्या म्हणाल्या, "मला येते."

संध्याकाळी पुन्हा लाँड्रीच्या वर बैठक बसली. घरी कोण राहणार, हा विषय कुणी काढेना. ठेकेदाराने शेवटी तोंड उघडलं, "मास्तरांना माफ करायला हवं. मोठे आहेत." ठेकेदाराने माफ करायचं! त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. मास्तर उठून म्हणाले, "मला मुळातच यायचं नव्हतं. चार दिवस चिखलात लोळायचं, ओव्हनमध्ये बटाटे भाजायचे आणि फोटो काढायचे, हे काय माझं वय आहे?" द्राक्षं किती आंबट आहेत ते त्यांनी पुष्कळ वेळ सांगितलं. बाई ऐकत होत्या. चला हो तुम्हीपण, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि मास्तर आत कुठेतरी तेवढ्याच एका वाक्यासाठी ताटकळले होते.

गाड्या गेल्या. मास्तरांनी स्कूल उघडली, एका नव्या मुलीला क्लच समजावला आणि ओरडायचं विसरले. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"खिंडीत आहे," बाई म्हणाल्या. वाऱ्याने अर्धे शब्द पळवले होते. "इथे जरा रेंज आहे. चढले मी, अहो! शेवटचा चढ फार वाईट होता. सगळे दगड सुटे."

"पहिल्या गिअरमध्ये घेतलास ना? मध्ये ब्रेक नाही ना लावलास?"

"नाही लावला."

मास्तरांना पुढे काय विचारावं ते कळेना. "मागे कोण आहे तुझ्या?"

"कुणी नाही. मी शेवटचीच आहे."

"आणि पुढे?"

"जावई. फार सांभाळून नेतायत हो. दर वळणाला थांबतात. मी दिसल्याशिवाय हलत नाहीत." त्या हसल्या, आणि असं हसणं मास्तरांनी घरात बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. "चला, ठेवते. थांबलेत ते माझ्यासाठी."

फोन बंद झाला. जावयाला ब्रेक म्हणजे दाराची बेल वाटते, असं काहीतरी मास्तरांच्या तोंडात आलं होतं. ऐकायला खोलीत ती नवी मुलगी होती. मास्तरांनी तिला घरी जायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि शिकाऊ लोकांच्या खुर्चीवर बसून राहिले. त्यांना जावयाचा हेवा वाटत होता.