भरल्या पोटाची फ्लोरा

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. हातावर शिकारी पक्षी घेऊन बिल्डिंगच्या दारात उभं राहिलं की अक्कल शिकवायला लोक आपणहून येतात.

मी वसईची. अबुधाबीत, अल रीम आयलंडच्या टॉवरांवरून कबुतरं हाकलते. म्हणजे हाकलते फ्लोरा. फ्लोरा हॅरिस हॉक आहे, घार-शिक्र्याच्या नात्यातली. ती दोन घिरट्या घालते, कबुतरं जीव घेऊन पळतात, मी शिट्टी मारते, ती माझ्या ग्लोव्हवर येते. काम एवढंच. पण लोक ते एवढंच राहू देतील तर शपथ.

*

पहिल्याच दिवशी सिक्युरिटीवाल्याने अडवलं. "पेट्स नॉट अलाउड."

म्हटलं, "भैया, ये पेट नहीं है. ड्युटी पे है."

"तो स्टाफ लिफ्ट से जाओ."

स्टाफ लिफ्ट म्हणजे कचऱ्याची. मी नाक दाबून उभी, तेवढ्यात एक बाई कुत्र्याला बाबागाडीत घालून आल्या आणि ह्याने त्यांच्यासाठी मेन लिफ्टचं दार धरलं. मी जाब विचारला.

"वो तो रेसिडेंट है," म्हणाला. बाईंबद्दल नाही, कुत्र्याबद्दल.

*

त्याच टॉवरमधले एक मराठी काका. कबुतरांनी एसी घाण केला म्हणून त्यांची सारखी कंप्लेंट. बघायला गेले तर बाल्कनीत ताटलीभर बाजरी, शेजारी पाण्याचा वाडगा.

"काका, हे काय?"

"मुक्या जिवांना घालतो. पुण्य लागतं."

"मग कंप्लेंट कशाला करता?"

"घाण करतात ना ती."

पुण्य यांचं आणि झाडलोट आमची. मी काही बोलायच्या आत आतून त्यांची नात ओरडली, "आजोबा, शी इज हिअर बिकॉज ऑफ यू." काकांनी तिला अभ्यासाला बसवलं. बाजरी तिथेच राहिली.

*

आमचे मॅनेजर लखनौचे. इतकं गोड बोलतात की आपली मान कापली गेल्याचं घरी गेल्यावर कळतं. एकदा बोलावून म्हणाले, "मॅडम, क्लायंट राउंड पे आ रहा है. एक भी कबूतर दिखा, तो फ्लोरा को हॉटेल की लॉबी में भेज देंगे. टुरिस्ट के साथ फोटो खिंचवाएगी. आराम का काम है."

आराम! उडणाऱ्या जिवाला दिवसभर खांबाला बांधायचं, तोंडावर फ्लॅश मारायचे, आणि म्हणे आराम. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाने "इन्शाल्ला सर" म्हणाले, कारण पक्षी कंपनीचा आहे.

*

आता घरचं ऐका. फ्लोराला कंपनीत जागा नाही, म्हणून ती आमच्याकडे, दोन तासांवर शारजात, व्हिलाच्या मागच्या खोलीत राहते. रोज सकाळी तिचं वजन करायचं आणि तोलून खायला द्यायचं, हा या कामाचा पाया. हा पक्षी प्रेमापोटी परत येत नाही, पोटासाठी येतो. पोट भरलेलं असेल तर शिट्टीला कुत्रं विचारत नाही.

त्यात वसईहून सासूबाई आल्या, व्हिजिट व्हिसावर. आणि फ्लोराचा काटा वर सरकायला लागला. मी काट्याला शिव्या घातल्या, सेल बदलले, नवरा म्हणाला डॉक्टरला दाखव. मग एकदा दुपारी लवकर घरी आले, तर सासूबाई स्टीलच्या डब्याचं झाकण टकटक वाजवतायत, "ये गो बाय" म्हणतायत, आणि फ्लोरा त्यांच्या हातून कलेजी खातेय.

"मम्मी, अहो ती मुद्दाम बारीक ठेवलीय."

"मुद्दाम? छातीचं हाड लागतंय पोरीच्या. आमच्या घरी कोणी उपाशी राहत नाही."

सुनेने सकाळपासून चहा घेतला नव्हता, तो विषय निघाला नाही.

*

राउंडच्या दिवशी मी मॅनेजरना हात जोडले. "सर, वजन जास्त आहे, आज उडवली तर परत येणार नाही."

"मोटी है तो क्या हुआ, उड़ती तो है ना? यल्ला, चलो."

सासूबाईंना अबुधाबी बघायची होती आणि नवरा हमरिया फ्री झोनला ड्युटीवर, म्हणून त्या माझ्यासोबतच आल्या होत्या. क्लायंट आला. मी फ्लोराला सोडली. ती थेट टॉवरच्या माथ्यावर गेली आणि बसली. शिट्टी मारली, ग्लोव्हवर मांस धरलं, पुन्हा शिट्टी मारली. तिने मान फिरवून समुद्र बघितला. पायाला ट्रान्समीटर असतो, पण तो फक्त कुठे आहे ते सांगतो, खाली आणत नाही.

थोड्या वेळाने एक कबूतर येऊन तिच्या शेजारी बसलं. मग दुसरं. मग काकांची सगळी पंगत. फ्लोराने ढुंकूनही पाहिलं नाही. क्लायंटने वर बोट दाखवलं. मॅनेजर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "लॉबी." माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागे टकटक झाली. सासूबाईंनी जेवणाचा स्टीलचा डबा उघडला होता, आत कलेजी. "ये गो बाय, उन्हात बसतात का अशा?"

फ्लोरा दगडासारखी खाली सुटली. कबुतरं फडफडत दिसेनाशी झाली. माझ्या पुढे केलेल्या ग्लोव्हवरून ती सरळ गेली आणि सासूबाईंनी पदर गुंडाळून धरलेल्या हातावर बसली.

क्लायंटने टाळ्या वाजवल्या. मॅनेजर माझ्याजवळ आले, घसा साफ केला आणि अदबीने विचारलं, "मॅडम, माताजी कौनसे व्हिसा पे हैं?"